बाई आज भेटणार नाहीत

५ मे

मावशी,

पोचले. फोनवर मी "बरं आहे" म्हणते आणि ठेवून देते, म्हणून पत्रच लिहायचं असा तुझा हुकूम. तेव्हा घे आता पानभर.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, खुर्ची आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. इतकी जवळ की हात बाहेर काढला तर चुना लागेल. घरमालकीण खाली राहते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, नळ घट्ट बंद करायचा, दार आपटायचं नाही, पाहुणे आणायचे नाहीत. मी म्हटलं, पाहुणे आणायला आधी ओळखी तर होऊ देत. ती हसली नाही.

ऑफिस संसदेच्या मागच्या इमारतीत आहे. आपल्या खासदारबाईंना मी गावातल्या पोस्टरवर जितक्या जवळून बघितलंय, तितक्या जवळून अजून इथे बघितलेलं नाही. त्या आतल्या खोलीत असतात. बाहेरचा सगळा कारभार त्यांच्या पीएंच्या हातात. आम्ही इंटर्न दोघंच. दुसरा एक चष्मेवाला आहे. त्याच्या वडिलांची वरपर्यंत ओळख असल्यामुळे तो आत बसून भाषणं तपासतो. मी बाहेर बसून फोन घेते. कोणी काहीही सांगितलं की म्हणायचं, "आपलं म्हणणं बाईंपर्यंत पोचवलं जाईल." दिवसभरात हे इतक्यांदा म्हणते की संध्याकाळी ब्रेडवाल्यालाही तेच म्हणणार होते.

रविवारी आम्ही घंटाघर बघितलं. वरून नदी दिसते, संसदेचा घुमट दिसतो. खूप मजा आली. सोबत फोटो पाठवतेय.

तुझं घुबड


११ मे

घुबडे,

पत्र पोचलं. ड्यूटीवर खिशात घालून गेले आणि माझ्याकडची बाळंतीण शांत झोपल्यावर वाचलं. शेजारच्या सिस्टरलाही वाचून दाखवलं. ब्रेडवाल्याच्या गोष्टीवर ती इतकी हसली की दोन बाळं उठली.

इथे नेहमीचंच. वॉर्ड भरलेला. तुझे आईबाबा नव्या बदलीच्या गावी रुळलेत, आईचा फोन आला होता. म्हणाली, "तू तिला लाडावून ठेवलंयस, आता तिथे कोण लाड करणार?" मी म्हटलं, बाई गं, पोरगी शाळेपासून माझ्याकडे टाकलीस ती तूच. लाड केले नसते तर काय केलं असतं? ड्यूटी असली की तुला सिस्टरच्या खोलीत झोपवायचे आणि तू टक्क डोळे उघडे ठेवून प्रत्येक बाळ जन्मायची वाट बघायचीस. घुबड नाव काय उगीच पडलं?

फोटो छान आहे, पण त्यात तू एकटीच, आणि डोक्याचा वरचा भाग कापलेला. ओळखीच्या माणसाने काढला असता तर "थांब, पुन्हा काढतो" म्हणाला असता. "आम्ही" म्हणजे कोण गं?

अंडी खातेस ना? उगीच चहावर राहू नकोस.

मावशी


१९ मे

मावशी,

तू नर्स कशाला झालीस, पोलिसात जायचं होतंस. आम्ही म्हणजे ऑफिसातली काही जणं. फोटो काढणाऱ्याला कॅमेरा धरता येत नाही, त्याला मी काय करू?

या शनिवारी संग्रहालय बघितलं. जुन्या राजांचे कपडे काचेत उभे करून ठेवलेत, आत माणूस नाही. एका दालनात मी बाकावर बसून राहिले. तिथल्या पहारेकऱ्याने दोनदा येऊन विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, थंड आहे म्हणून बसलेय. मग त्याने माझ्यासाठी पंखा वाढवला. चांगला माणूस होता.

ऑफिसात आता थोडं कळायला लागलंय. आतल्या गोष्टी बाहेर सांगणार नाही अशी सही घेतलीय माझ्याकडून, त्यामुळे त्यातलं लिहीत नाही. चष्मेवाला मला "फोनवाली" म्हणतो. वाईट नाही, पण जेवायच्या सुट्टीत ते सगळे आतल्या खोलीत जेवतात आणि फोनजवळ कोणीतरी हवं असतं.

मावशी, वॉर्ड कसा आहे? म्हणजे खरंच भरलेला असतो का हल्ली? पेशंट बाहेर पाठवतात का? सहज विचारलं. नवीन डॉक्टर आले का?

तुझं घुबड


२५ मे

घुबडे,

वॉर्डची एवढी काळजी तुला कधीपासून लागली? भरलेला आहे म्हटलं ना. पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टर येतील तेव्हा येतील.

तू सही केलीयस तर सहीप्रमाणे वाग. मला काही सांगू नकोस, मीही विचारणार नाही. हे आपलं ठरलं.

एवढंच सांग, बुधवारी तू ऑफिसात असतेस का? फोन करीन म्हणते कधी, म्हणून विचारलं.

त्या पहारेकऱ्याचं वाचून बरं वाटलं. पण तुझ्याबरोबरची "काही जणं" तेव्हा कुठे होती?

मावशी


३० मे

मावशी,

बुधवारी करू नकोस. बुधवारी आम्हा इंटर्नना संसदेच्या गॅलरीत पाठवतात, संध्याकाळपर्यंत. मोबाईल बाहेरच ठेवावा लागतो. सोमवारी कर, किंवा कधीही कर, पण कर. आवाज ऐकून बरं वाटेल.

काही जणं तेव्हा खालच्या मजल्यावर होती.

तुझं घुबड


६ जून

मावशी,

कुठून सुरुवात करू कळत नाही.

बुधवारी मी गॅलरीतच गेले होते. पण सभागृह भरल्या भरल्या गोंधळ झाला आणि दिवसभरासाठी तहकूब झालं. बाई परत आल्या, आम्हीही आलो. पुढच्या टेबलावरची मुलगी रजेवर होती, म्हणून पीएंनी मला तिथे बसवलं. दार उघडलं आणि तुम्ही चौघी आत आलात, पांढऱ्या गणवेशात. तू सगळ्यांत मागे होतीस. मला बघितल्यावर तुझा चेहरा एकदम पुसल्यासारखा झाला. मी उठणार होते. तू मान हलवलीस, अगदी थोडी, आणि मी बसले.

पीए माझ्या खुर्चीमागेच उभे होते. तुमच्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाईंना भेटायचंय. बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतोय, त्याबद्दल. वेळ मागितली होती, उत्तर आलं नाही." मी एकेकीचं नाव विचारलं. तुझी पाळी आली तेव्हा तू तुझं पूर्ण नाव सांगितलंस, सावकाश, परक्याला सांगतात तसं. पाकिटावर मी दर वेळी लिहिते ते नाव. आणि मी काय म्हणाले, आठवतंय? "पुन्हा सांगता का?" माझे कान वाजत होते गं. खरंच ऐकू आलं नव्हतं.

पीए वाकून माझ्या कानात म्हणाले, "बाई सभागृहात आहेत म्हणून सांग." त्याच वेळी आतून बाईंचा खोकला ऐकू आला. तुम्ही चौघींनीही ऐकला. मी म्हणाले, "बाई आज भेटणार नाहीत." सभागृहात आहेत असं नाही म्हणाले. तेवढं एक खोटं टाळलं. मग दुसरं बोलले, "आपलं म्हणणं बाईंपर्यंत पोचवलं जाईल."

तू म्हणालीस, "पाणी मिळेल का, मुली?"

मुली. तू मला कधी मुली म्हटलंयस? मी ग्लास आणला. तू सगळं पाणी प्यायलीस, ग्लास टेबलावर ठेवलास, "थँक्यू" म्हणालीस आणि बाकीच्यांबरोबर निघून गेलीस. दार लागल्यावर चष्मेवाला म्हणाला, "दर आठवड्याला कोणी ना कोणी येतंच."

ऑफिस सुटल्यावर मागच्या दाराने स्टेशनवर धावत गेले. आपल्या गाडीचा फलाट शोधला, डब्याडब्यात डोकावले. तू दिसली नाहीस.

मला हे सगळं मेपासून माहीत होतं. फोनवर येणारी माणसं तेच विचारत होती आणि बंद होणाऱ्या वॉर्डांच्या यादीत आपल्या गावाचं नाव होतं. तुला सांगितलं नाही. तू रागावली असशील. रागव, पण लिही.

तुझं घुबड


१७ जून

मावशी,

अजून पत्र नाही. फोन केला तर वाजत राहतो. रविवारी कुठे गेले नाही. खोलीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. घरमालकीण वर आली, म्हणाली, आजारी आहेस का? नाही म्हटलं. तिने नळ तपासला आणि गेली.

दोन ओळी लिही. "गाढव" एवढं लिहिलंस तरी चालेल.


२० जून

गाढव,

रागावले नाही. वेडी की काय? आम्ही सगळ्या जणी सामान बांधत होतो, आणि तो फोन कुठल्या खोक्यात पडलाय देव जाणे. वाजतो ते ऐकू येतं, पण कुठल्या खोक्यातून ते कळत नाही.

आता नीट ऐक. नोटीस आमच्याकडे एप्रिलमध्येच आली होती. तू बॅग भरत होतीस, म्हणून मी बोलले नाही. तुझ्या डोक्यात हे भूत घालून तुला कुठे पाठवू? वॉर्ड भरलेला म्हणायचे तेही खोटंच. डॉक्टरची बदली झाल्यापासून बायकांना परस्पर मोठ्या गावी पाठवतात. मागच्या आठवड्यात पाळणे सगळे रिकामे होते आणि आम्ही तिघी सिस्टर एका बाळंतिणीच्या उशाशी बसलो होतो. तिला वाटलं, आपल्याला काही तरी भयंकर झालंय.

बुधवार मी मुद्दाम निवडला, तू नसावीस म्हणून. माझी भाची समोर असताना हात पसरायचे नाहीत, आणि माझ्यामुळे तुझ्या जागेला धक्का लागायचा नाही. तू दिसलीस तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाळलीयस. दुसऱ्यांदा वाटलं, आता ही उठून गळ्यात पडली तर तो मागचा माणूस आजच हिला घरी पाठवील. म्हणून मान हलवली. पाणी मागितलं कारण तू खुर्चीला खिळून बसली होतीस. हाताला काही काम दिलं की माणूस सावरतं. लेबर रूममध्ये नवऱ्यांना आम्ही तेच करतो.

बाकीच्या तिघी स्टेशनवर गेल्या. मी तुमच्या इमारतीसमोरच्या बाकावर बसून राहिले, तू पुढच्या दाराने येशील म्हणून. तुमचे सगळे बाहेर पडले, दिवे गेले, तू नाहीस. शेवटी गाडी चुकायला आली तेव्हा पळत सुटले. म्हणजे तू फलाटावर मला शोधत होतीस तेव्हा मी तुझी वाट बघत बाकावर. आपल्या दोघींची अक्कल एका मापाची.

पण त्या रात्रभराच्या प्रवासात मला एकच गोष्ट सलत होती. दारात तुझी वाट बघत कोणीच थांबलं नव्हतं. तुमच्या दारातून माणसं जोडीजोडीने बाहेर पडत होती. ती "काही जणं" कोण आहेत ते आता तरी सांग.

मावशी


२७ जून

मावशी,

कोणी नाही.

पहिल्या दिवसापासून कोणी नाही. घंटाघरावर फोटो एका अनोळखी बाईने काढला, तिला घाई होती. गेल्या महिन्यात नदीतल्या बोटीवर गेले, तेव्हा तिकीटवाल्याने मागे बघून विचारलं, "आणि कोण?" मी म्हटलं, येतायत. मग बोट सुटेपर्यंत मीही वाटेकडे बघत राहिले, जसं काही कोणी खरंच येणार होतं. तुला खोटं लिहिलं कारण तू एकटी होतीस आणि निदान मी तरी नाही असं तुला वाटावं म्हणून.

काल वॉर्ड बंद करायच्या विधेयकावर मतदान झालं. मी गॅलरीत होते. बाईंनी बाजूने मत दिलं. हात वर केला, खाली आणला, शेजारच्या सभासदाशी काहीतरी बोलल्या. एवढंच असतं ते. मला वाटलं होतं, काही तरी आवाज होईल.

तुझ्या वॉर्डच्या शेवटच्या दिवशी मला यायचंय. पीएंकडे रजा मागितली. "कारण?" म्हणाले. मी म्हटलं, घरचं काम. "अधिवेशन संपल्यावर घरीच जायचंय की," म्हणाले आणि फोन वाजला.

तुझं घुबड


९ जुलै

घुबडे,

आधी सांगते, सगळं ठीक आहे. आता वाच.

शनिवारी ट्रक आला. पलंग, पाळणे, वजनकाटा, अवजारं उकळायचं मशीन, सगळं गेलं. सिस्टरांनी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि त्याही गेल्या. रविवारी किल्ल्या द्यायच्या आधी मी वॉर्ड झाडत होते. कशाला, ते विचारू नकोस.

दिवस कलायला आला होता. फाटकाशी भाजीचा टेम्पो थांबला. एक पोरगी, तुझ्याहून थोडी मोठी, नवऱ्याच्या खांद्यावर रेलून उतरली. कळा जोरात होत्या. त्यांना वॉर्ड बंद झाल्याचं माहीतच नव्हतं, लांबच्या वस्तीवरची माणसं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसरीकडे गेलेली. हात लावून बघितलं तर वेळ फार नव्हता. पण मला वाटलं, पहिलटकरीण आहे, पोचू. इथे ना अवजारं, ना औषध, ना बिछाना. टेम्पोत बसवलं, मीही मागे चढले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी होती, संपता संपेना. आणि तिथेच, भाजीच्या रिकाम्या टोपल्या बाजूला सारून, बाळ आलं.

मला भीती वाटली गं. इतकी वर्षं झाली, पण आजवर कोणी ना कोणी शेजारी असायचं. टॉर्च धरणारं, "सिस्टर, मी आहे" म्हणणारं. नवरा बिचारा फाटकवाल्याशी भांडत होता. बाळ पहिल्यांदा रडलंच नाही. मी पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली. मालगाडीच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आणि मग गाडीचा आवाज संपायच्या आत बाळाचा आला. नाळेला मी हात लावला नाही, कापायला स्वच्छ काही नव्हतं. बाळ आईच्या छातीवर ठेवलं, माझा एप्रन वरून गुंडाळला आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोरीचं पोट दाबून धरलं, रक्त थांबावं म्हणून. थांबलं. दोघं सुखरूप आहेत.

परत शेवटच्या बसने आले. वॉर्डचं दार उघडंच राहिलं होतं. आत जाऊन जमिनीवर बसले. कोणाला सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं आणि कोणीच नव्हतं, म्हणून तुला लिहितेय.

पुढच्या महिन्यापासून मला मोठ्या रुग्णालयात बाहेरच्या खिडकीवर बसवणार आहेत. केसपेपर काढायला. क्वार्टर तोपर्यंत आपल्याकडे आहे.

मावशी


१३ जुलै

मावशी,

तुझं पत्र घेऊन मी बाईंच्या खोलीत गेले. कोणाला न विचारता. चष्मेवाला "अगं, अगं" करत होता.

बाई टेबलावर ब्रेड आणि चहा घेऊन एकट्याच जेवत होत्या. मला वाटायचं, आत नेहमी माणसं असतात. मी म्हटलं, "एक पत्र वाचून दाखवायचंय." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाच," म्हणाल्या.

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. मधे पीए दारात आले, बाईंनी हाताने त्यांना जायला सांगितलं. मालगाडीपाशी तीच ओळ दोनदा वाचली गेली. चहा तसाच गार झाला. संपल्यावर मी म्हटलं, "ही माझी मावशी. जूनमध्ये त्या चौघी आल्या होत्या, त्यातली."

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी आतच होते."

"माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तुम्ही खोकलात."

मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मत कसं द्यायचं ते पक्षात आधीच ठरलं होतं. भेटले असते तर त्यांच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं, म्हणून दार लावून बसले." मी पत्राची घडी घालत होते.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी विचारलं.

मावशी, तू लिहिलंच नाहीयेस. मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "विचारून सांग मला. आणि मावशींना म्हणावं, मला त्यांना भेटायचंय. गाडी पाठवते."

बाहेर आले तर पीए उभेच होते. म्हणाले, सोमवारपासून यायची गरज नाही. आवाज अजिबात चढवला नाही. बाईंना हे माहीत आहे की नाही, ते मला कळलं नाही, आणि परत आत जाऊन विचारायचं बळ नव्हतं. टेबल आवरलं. चष्मेवाल्याने माझी पिशवी जिन्यापर्यंत आणून दिली आणि पहिल्यांदाच माझं नाव विचारलं.

खोलीचं भाडं महिनाभराचं दिलेलं आहे. काय करू?

तुझं घुबड


२५ जुलै

घुबडे,

मुलगी. वजन विचारशील तर सांगता येणार नाही, काटा आदल्याच दिवशी ट्रकमधून गेला होता. हाताला मात्र चांगली भरली.

बाईंना सांगायला आता तू तिथे नाहीस, म्हणून मीच पत्र टाकलं. लिहिलं की मुलगी आहे. गाडी पाठवू नका, मी येणार नाही. भेटायचं असेल तर तुम्ही इकडे या. वॉर्ड रिकामा आहे, बसायला जागा भरपूर आहे. येतील असं मला वाटत नाही. पण उत्तर आलं आहे. त्यांच्याच अक्षरात, दोन ओळी. येते म्हणाल्यात, तारीख लिहिलेली नाही. बघू.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटतंय, थोडंच.

काय करू म्हणून विचारतेस? खोली सोड आणि निघ. भाड्याचं राहू दे. इथे पलंग नाहीत, गादी जमिनीवर आहे, खोकी सगळीकडे. फोन सापडला.

त्या पोरीने निरोप पाठवलाय, सिस्टर, बाळ बघायला या. वस्ती लांब आहे, वाटेत तेच फाटक लागतं. दोनदा निघाले आणि दोनदा बसथांब्यावरून परत आले. एकटीला पाय उचलत नाही.

तू आलीस की जाऊ.

मावशी